विहीणबाईंचा दहा मिनिटांचा ट्रॅक्टर

मी माझ्या विहीणबाईंवर जळते. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, बाईनं गोष्ट गोड सांगितली आणि मनातलं लपवलं. लपवायचं काय त्यात? चोपन्न वर्षांची बाई, सौंसरच्या शाळेत पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात जन्म गेला, घरी संत्र्याची बाग, चार लोकांत मान. आणि ती जळते कशावर, तर साबणाच्या वडीएवढ्या प्लास्टिकच्या लाल ट्रॅक्टरवर.

आमची लेक पांढुर्ण्याला दिलेली. ती आणि जावई नोकरीपायी नागपुरात राहतात आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी शनिवार-रविवारी आज्यांकडे येते. एक शनिवार सौंसर, पुढचा शनिवार पांढुर्णा. नात आम्हाला सौंसरवाली आजी आणि पांढुर्णावाली आजी म्हणते. नागपूरहून सौंसर जवळ, पांढुर्णा जरा लांब, म्हणजे देवानं पारडं थोडं माझ्याच बाजूला झुकवलं होतं. मी त्याबद्दल देवाला कधी टोकलं नाही.

विहीणबाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. घरचं कापडाचं दुकान. त्यामुळे गिऱ्हाईक वळवायची कला अंगात मुरलेली आणि बोलणं ताज्या खव्यासारखं. त्यात त्या मुलाची आई आणि मी मुलीची. आमच्याकडे मुलीच्या आईनं मुलाच्या आईपुढे आवाज चढवायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी शाळेत साठ पोरांना एका नजरेनं गप्प बसवते, पण विहीणबाई समोर आल्या की माझ्या तोंडून "बसा ना, चहा ठेवते" याच्यापलीकडे काही निघत नाही.

तर श्रावणातला पहिला शनिवार. माझा शनिवार. नात घरी आलेली, मी खुशीत. अकराच्या सुमारास दारात गाडी थांबली आणि विहीणबाई व्याह्यांसोबत उतरल्या.

"जामसांवलीला दर्शनाला आलो होतो. म्हटलं, जाता जाता पोरीला पाहून घेऊ."

पोरीला पाहून घेऊ! आठ दिवसांनी ती त्यांच्याकडेच जाणार होती. पण विहीण दारात आलेली, तिला जेवल्याशिवाय कसं जाऊ देणार? मी पदर खोचला आणि पाटोडीच्या रश्श्याला लागले. इथेच माझी चूक झाली. स्वयंपाकघरात शिरलेल्या बाईला समोरच्या खोलीत काय चाललं आहे ते फक्त ऐकू येतं.

आणि ऐकू काय आलं? खट्. मग नातीचं हसू. पुन्हा खट्. खट् खट्. मी कणकेच्या हातानं दारात येऊन पाहते तर सतरंजीवर विहीणबाई मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात छोटंसं खोकं फोडलेलं आणि भोवती लाल-काळे तुकडे. प्रत्येक तुकड्याला वर बारीक गुंड्या, खाली खळगे. एक दुसऱ्यावर दाबला की खट् वाजून बसतो. त्यांचा हात असा चालला होता जसा दुकानात कात्रीचा चालत असावा. मी सहावी पोळी तव्यावर टाकली तेव्हा तिथे नुसता पाटा होता. अकरावी उतरवली तेव्हा ट्रॅक्टर उभा होता, मागची चाकं सुपारीएवढी, पुढची हरभऱ्याएवढी, वर बसलेला टोपीवाला ड्रायव्हर.

"दहा मिनिटं!" नात ओरडली. "आजोबा, पाहा, दहाच मिनिटं!"

मला वाटलं, आपणही यात हात घालावा. मी बाजूला पडलेला एक तुकडा उचलला आणि म्हटलं, "हे कुठे बसते, बेटा?"

नातीनं तो माझ्या बोटांतून हलकेच काढून घेतला. "आजी, तू पोळ्या लाट ना."

विहीणबाई माझ्याकडे पाहून हसल्या. फार नाही, मीटरभर. "राहू द्या ना हो विहीणबाई, कणकेचे हात आहेत तुमचे." म्हणजे वर माझीच काळजी! मी परत ओट्याशी गेले आणि पुढच्या चार पोळ्या अशा लाटल्या की त्यातून पलीकडचं दिसावं.

तरी मी मनाला समजावलं, की खेळणं आहे, आठ दिवसांत विसरेल. दुसरा शनिवार पांढुर्ण्याचा होता, तो त्यांना लखलाभ. तिसरा माझा. गुरुवारी नातीचा फोन आला.

"आजी, मी या शनिवारी पांढुर्ण्याला जाऊन राहिली."

"अवं, पण हा शनिवार माझा आहे!"

"तिकडे आगवाली गाडी आणली आहे. शिडी वर-खाली होते. तुझ्याकडे गाडी आहे का?"

"माझ्याकडे साडेतीनशे झाडं आहेत संत्र्याची."

"त्यांना चाकं नाहीत ना, आजी."

मी फोन ठेवला. समोर आमचे हे बागेतून आलेले, पाय धूत होते. म्हटलं, "शनिवार गेला आपला."

"कुठं गेला?"

"पांढुर्ण्याला."

"येईल ना मग," हे म्हणाले. फळगळीच्या दिवसांत या माणसाला झाडाखाली पडलेल्या फळांशिवाय काही दिसत नाही.

आता माझ्या हातात एकच दिवस उरला होता, तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लेकरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं मैदानात आणतात, मग घरोघर फिरतात, लोक त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, म्हणून नात तो दिवस दरवर्षी आमच्याकडे असते. यावर कुणाचा वाद नव्हता. तो दिवस माझा, कायमचा. निदान मला तसं वाटत होतं, विहीणबाईंचा फोन येईपर्यंत.

"विहीणबाई, यंदा तिला मीच घेऊन येते हं. आणि ऐका, बैल काढायची तसदी घेऊ नका. ती म्हणते, मी पोळ्यात ट्रॅक्टर नेईन."

बैल काढायची तसदी! म्हणजे माझ्या गावात, माझ्या दिवशी, माझी नात मिरवणार विहीणबाईंचा ट्रॅक्टर, आणि मी मागून त्यांच्या चपला सांभाळत चालणार. माझ्या पोटात असं काही पेटलं की त्यावर चार माणसांचा भात झाला असता. त्याच क्षणी मी ठरवलं, गाडी मीही करीन. आणि अशी करीन की पांढुर्ण्यापर्यंत आवाज जाईल.

बसस्टँडजवळच्या जनरल स्टोअर्समध्ये मी गेले. दुकानदार एकेकाळी माझ्याच वर्गात होता, आता त्याचे केस पांढरे झाले आहेत.

"बाई, कोणत्या उमरचं लेकरू आहे? यावर लिहून आहे, पाच वर्षांच्या वर."

"वर म्हणजे कुठपर्यंत?"

"काही हद नाही लिहिली."

"मग दे."

हिरवा ट्रक घेतला, मागे सामान भरायला हौदा असलेला. पिशवीत पालकाच्या जुडीखाली दडवून आणला, जसं काही मी कुणाचा ऐवज पळवून आणला होता. दुपारी दाराला कडी लावली, देवघरासमोर पाट मांडला आणि खोकं उघडलं.

आत तुकड्यांच्या दोन पुड्या आणि एक चित्रांचं पुस्तक. अक्षर म्हणून एक नाही! मी पोरांना जन्मभर सांगत आले, प्रश्न नीट वाचा, मग लिहा. इथे वाचायलाच काही नव्हतं. नुसते बाण. एका चित्रात चार तुकडे, पुढच्या चित्रात सात, मधले तीन कुठून आले ते शोधा. अर्ध्या तासानं माझा ट्रक तयार होत आला तेव्हा ड्रायव्हर मागे तोंड करून बसला होता आणि तीन तुकडे उरले होते. मी ते खोलून पुन्हा बसवले. आता पाच उरले. सव्वा तासानं एकदाचा तो पुस्तकातल्यासारखा दिसू लागला. मी हलवून पाहिला, तर हौदा हातात आणि चाकं पाटाखाली.

हे मला पटलंच नाही. केलेली वस्तू टिकली पाहिजे, एवढं आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं. गोधडी शिवली तर ती तीन पिढ्या पुरावी. लाकडी बैल एकदा केला की लेकरू मोठं होतं, बैल तसाच राहतो. आणि हा ट्रक तर मैदानापर्यंतच्या खडबडीत रस्त्यावरून जायचा होता. मध्येच सांडला तर? विहीणबाईंसमोर? मी उठले आणि कपाटातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली. एकेका तुकड्याला थेंब, वर दाब. थेंब, दाब. ट्रक असा पक्का झाला की त्यावर उभं राहून जळमटं काढता आली असती.

फक्त माझं बोटही त्याला पक्कं झालं.

हे बागेतून आले, मी डाव्या हातानं कडी काढली. त्यांनी माझा उजवा हात पाहिला, त्याच्या टोकाला लोंबणारा ट्रक पाहिला आणि शांतपणे विचारलं, "काय करून राहिली वं?"

"काही नाही. गरम पाणी आणा."

"कायले सोडवते? असंच राहू दे," हे म्हणाले. "ट्रकसकट तुलेच मिरवू तान्ह्या पोळ्यात."

गरम पाणी, गोडंतेल आणि अर्धा तास. सालटं निघालं पण मी सुटले. मग ट्रकला बैलाच्या शिंगांना लावतात तो बेगड लावला, पुढे इवलासा गोंडा बांधला, हौद्यात ज्वारीचे दाणे भरले. खोटं कशाला बोलू, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दोघी आल्या. नातीच्या हातात तो लाल ट्रॅक्टर. विहीणबाईंच्या अंगावर मोरपंखी साडी, जशी काही मिरवणूक त्यांचीच होती. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मधोमध पाटावर झाकून ठेवलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.

"यात काय आहे, आजी?"

"तूच पाहा."

तिनं ताट उचललं. बेगड चमकला. "ट्रक! आजी, तू केला? तू?" तिनं मला मिठी मारली आणि मी तिच्या डोक्यावरून विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचं हसू जागेवर होतं, पण त्यातला खवा जरा आंबला होता. आयुष्यात काही क्षण असे असतात की तेवढ्यावर माणसानं डोळे मिटले तरी चालेल.

मी मिटायला हवे होते. कारण नात लगेच म्हणाली, "चल, आता तोडू!"

"तोडू? कायले?"

"तोडायचा असते आजी! मग पुन्हा करायचा असते!" तिनं हौदा धरून ओढला. हलला नाही. चाक ओढलं, नाही निघालं. दात लावले. ट्रक पाटावर आपटला. ज्वारी घरभर झाली, पण ट्रकचा एक तुकडा जागचा हलला नाही. मग तिनं तो हळूच खाली ठेवला.

"आजी, ही गाडी मेली आहे."

विहीणबाईंनी ट्रक उचलला, उलटा केला, फटीतून ओघळून सुकलेला गोंद नखानं खरवडला. मग माझ्या सालटं निघालेल्या बोटाकडे पाहिलं.

"असू दे बेटा," त्या नातीला म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. "आजीनं प्रेमानं चिकटवली आहे."

शिवी दिली असती तर मी परत दिली असती. या वाक्याला काय द्यायचं? मी तिथेच ज्वारीत बसले. आणि कोण जाणे कसं, मिरवण्याबिरवण्याची सगळी हौस विसरून माझ्या तोंडून खरं निघालं.

"मले येत नाही, बाप्पा. तुझ्या त्या आजीले येते दहा मिनिटांत. मले सव्वा तास लागला, आणि तरी चाकं पडली. म्हणून चिकटवली."

नात माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ही विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसणार, आणि आजपासून सगळे शनिवार तिकडे. पण तिनं कमरेवर हात ठेवले. ती लकब मी ओळखली, शाळेत मी अशीच उभी राहते.

"येत नाही तर विचारायचं ना!" ती म्हणाली. "बस सरळ."

तिनं आपला लाल ट्रॅक्टर घेतला आणि माझ्यापुढे परातीत त्याचा पार चुरा केला. खट्, खट्, खट्. "हं. आता यातला सगळ्यात लांब काळा कोणता?"

मी एक उचलला.

"हा लांब आहे? नीट पाहा. घाई नको करू."

विहीणबाईंना राहवेना. त्यांनी हात पुढे केला. "हा पाहा, हा घ्या—"

"तू नाही!" नातीनं त्यांचा हात अडवला. "तुला येते ना. तू बस तिकडे."

आणि माझ्या विहीणबाई, मुलाची आई, मोरपंखी साडीतल्या, भिंतीला टेकून बसल्या. चाळीस मिनिटं मी चुका केल्या आणि चाळीस मिनिटं माझी नात मला रागावली. एकदा टपलीही मारली. शेवटी ट्रॅक्टर उभा राहिला तेव्हा ती टाळ्या वाजवून म्हणाली, "आलं! आजीला आलं!" तो ट्रॅक्टर मैदानापर्यंत जाताना तीनदा सांडला. तिन्ही वेळा आम्ही रस्त्यात उकिडव्या बसलो आणि तिनं साऱ्या पोरांसमोर मला पुन्हा शिकवलं. लाकडी बैलवाली पोरं भोवती गोळा झाली. मला एवढी मोठी मिरवणूक माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

त्या दिवशी मला गुपित कळलं. येणाऱ्या आजीशी दहा मिनिटं खेळता येतं. न येणारी आजी दिवसभर पुरते.

पुढच्या माझ्या शनिवारी नात आली, आणि त्याच्या पुढच्या, पांढुर्ण्याच्या शनिवारीही आली. "सौंसरवाल्या आजीचा अभ्यास मागे आहे," असं तिनं स्वतः तिकडे कळवलं. आता खरं सांगायचं तर मला येऊ लागलं होतं. गुपचूप तसलीच खोकी आणून दुपारी एकटीनं केलं तर बारा मिनिटांत ट्रॅक्टर, पंधरा मिनिटांत आगवाली गाडी. पण नात समोर असली की मी ड्रायव्हर उलटा बसवते, मोठं चाक पुढे लावते, आणि "असं का गं?" म्हणून भाबडा चेहरा करते. आमच्या ह्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तू बाई काय बाई आहे!" मी ते कौतुक म्हणून घेतलं.

असे दोन महिने गेले. मी विहीणबाईंना फोन करून मुद्दाम खुशाली विचारायची. त्या कोरड्या आवाजात म्हणायच्या, "चांगलं चालू आहे." मला जेवण गोड लागायचं.

आणि मग दिवाळीच्या आधी नातीचा फोन.

"आजी, मी या शनिवारी नाही येऊ शकत."

"का गं, बेटा?"

"पांढुर्णावाली आजी चार दिवस आमच्याकडे नागपूरला आली होती ना, ती सगळं विसरून राहिली. तिला चाकसुद्धा बसवता येत नाही आता. तिला पहिल्यापासून शिकवावं लागते."

माझ्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं. विसरून राहिली! ज्या बाईला पंचवीस वर्षांपूर्वीच्या साडीचा काठ कुठल्या गिऱ्हाइकानं नेला ते आठवतं, ती चाक बसवायचं विसरली?

"आणि आजी, माहीत आहे का," नात हसू लागली, तिला पुढचं बोलता येईना. "ती चष्मा शोधते. इकडे शोधते, तिकडे शोधते, गादी उचलून पाहते, मला म्हणते तूच लपवला. आणि चष्मा कुठे असते? डोक्यावर! रोज असते, तरी तिला समजत नाही!"

मी फोन ठेवला. दोन महिने मी उलटे ड्रायव्हर बसवत राहिले, आणि मला चष्मा सुचला नाही. ट्रॅक्टरवर जळले तेव्हा मी साधी जळले होते. आता जी जळले ती कलावंतानं कलावंतावर जळावं तशी. चाक उलटं लावणं म्हणजे काय, कुणीही लावेल. पण गादी उचलून पाहणं!

विहीणबाईंना लगेच फोन लावला. "ऐकलं, तब्येत बरी नाही. विसरून राहिल्या म्हणे."

"हो ना हो," पलीकडून खवा आला, अगदी ताजा. "वय झालं आता, विहीणबाई. तुमच्यासारखं कुठं आमचं डोकं?"

सोमवारी शाळा सुटल्यावर मी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलून पाहिल्या आणि म्हणाली, "मॅडम, नंबर अगदीच मामुली आहे. लावला तर चालेल, नाही लावला तरी चालेल."

"लावते," मी म्हटलं.

तिनं पुढ्यात फ्रेमा मांडल्या. मी आरसा घेतला आणि एक एक फ्रेम उचलून केसांवर ठेवून, मान हलवून पाहू लागले.

"मॅडम, डोळ्यांवर लावून पाहा ना."

"डोळ्यांवर कोणतीही चालेल," मी म्हटलं. "डोक्यावरून घसरणार नाही अशी दे."